अवसेचं मीठ

अवसेच्या संध्याकाळी चतुराबाईच्या वस्तीवर चूल उशिरा पेटायची. आधी मेंढरांचं मीठ. खडेमीठ पाट्यावर जाडंभरडं वाटायचं, त्यात ज्वारीचा कोंडा कालवायचा आणि वाघरीसमोर मांडलेल्या चपट्या दगडांवर पसरायचं. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. ती खाली सोडली की कळप दगडांवर तुटून पडायचा आणि मग बराच वेळ माळावर खरखरीत जिभांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. पहिली मूठ मात्र म्होरकीची. म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. ती दगडावरचं मीठ खायची नाही, चतुराबाईच्या तळहातावरचं खायची.

मीठ चारलं की मेंढराला भूक लागते, लोकर धरते, पोटातले जंत पडतात. हे तिला बापानं शिकवलं होतं आणि त्याच्याबरोबर एक अटही घातली होती. मिठाच्या दुसऱ्या दिवशी मेंढराला पोटभर पाणी दाखवायचं. नाही दाखवलं तर ते चारणं नव्हं, मारणं.

ही अट आयुष्यात एकदाच तिच्या हातून मोडली. सत्त्याऐंशी साली, वैशाखाच्या अवसेला.

चतुराबाई खुलताबादच्या डोंगराकडची. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. साल तिला सांगता यायचं नाही, पण त्या पावसाळ्यात बाप आठ दिवस मेंढरं घेऊन एका घळीत लपला होता आणि घळीत पाणी होतं म्हणून सगळे वाचले, एवढं तिला पक्कं आठवायचं. त्याच्याही आधी, जागीरदाराचा माणूस चराईची पट्टी मागायला आला की बाप मुकाट्यानं द्यायचा. पाण्याचं नाव काढलं की मात्र अडून बसायचा. गवत जमिनीतून येतं म्हणून त्याला पट्टी, पाणी वरून येतं, असं त्याचं म्हणणं.

लग्न होऊन ती करमाडजवळच्या बोरखेडीत आली, सांडू धनगराच्या घरी. घर म्हणजे गायरानावरची दोन कुडाची खोपटं. शेत नव्हतं, म्हणून सात-बारा नव्हता. रेशनकार्ड होतं, मतदानाच्या यादीत नाव होतं. सुगी सरली की गावातले शेतकरी लेंडीखतासाठी तिची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, बदल्यात दाणे द्यायचे. पाण्याचं वेगळं कुणी काही बोलायचंच नाही. ज्याच्या रानात मेंढरं बसली, त्याच्या विहिरीवर ती प्यायली. मोट होती तोवर ती जिथं रिती व्हायची त्या थारोळ्यात पाणी साचायचं, येताजाता मेंढरू तोंड घालायचं. मग मोटारी आल्या. पाणी पाइपातून सरळ पिकाला जायला लागलं आणि थारोळ्यांत पालापाचोळा साठला. कुणी मेंढरांना नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची गरजच पडली नाही.

राहिलं ते गावाच्या वरच्या अंगाचं पाझर तळं. ते बहात्तरच्या दुष्काळात झालेलं. त्या साली सांडूच्या कळपातली अकरा मेंढरं उरली आणि नवरा-बायको दुष्काळी कामावर गेले. बांधाखालचा चर खणायचा, मग त्यात काळी माती भरून चोपायची. दुपारी खायला सुकडी मिळायची. चतुराबाई पाटी डोक्यावर घेऊन सांडूच्या मागं चालायची, तिच्या मागं गावातला कडूबा. अकरा मेंढरांची पुढं शंभराला चार कमी झाली ती त्या तळ्याच्या पाण्यावर. सांडू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बन्सी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला होता, शहरातच राहायचा आणि पंधरा दिवसांनी घरी आला की मेंढरं विकायचा विषय काढायचा. मेंढरांमागं आता चतुराबाई आणि तिची सून सरूबाई, दोघीच.

त्या वर्षी पाऊस सलग तिसऱ्यांदा दगा देऊन गेला होता. तीन दिवस दोघी मेंढरं घेऊन लांब डोंगराच्या पायथ्याला जात होत्या, पण तिथलं डबकं अवसेच्या दिवशी आटलं. दिवस मावळता परत आल्या आणि चतुराबाईनं पाटा-वरवंटा काढला.

सरूबाईनं हळूच म्हणून पाहिलं की आत्या, आज मीठ राहू द्यावं. तीन दिवस झाले तळ्याकडं जाऊन, आधी पाणी बघून यावं.

"तळं काय पळून जातंय का?" चतुराबाई म्हणाली आणि म्होरकीपुढं तळहात धरला.

सकाळी उन्हं वर यायच्या आत कळप तळ्याच्या उतारावर पोचला. म्होरकी पुढं होती. गळ्यातली पितळी घंटी एकसारखी वाजत होती आणि एकदम थांबली. पाण्याला वळसा घालून बोरी-बाभळीच्या काट्यांचं छातीभर उंच कुंपण उभं होतं. काट्या ताज्या होत्या, पानं अजून सुकली नव्हती. अवसेला गावात कुणी औत धरत नाही. सगळे गडी मोकळे होते, एका दिवसात काम उरकलं होतं.

कुंपणाच्या फटीशी कडूबा काठी आडवी टाकून बसला होता. हा तोच, पाटीमागून पाटी टाकणारा. आता ग्रामपंचायतीनं त्याला तळ्यावर राखण ठेवलं होतं.

"सर बाजूला, कडूबा. मेंढरं मिठावर हायत."

कडूबा उठला, पण सरला नाही. खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. ग्रामसभेत ठराव झाला होता. उरलेलं पाणी गावच्या पिण्याला राखायचं. जनावरं सकाळी एक घंटा सोडायची, तीही यादीतली. यादी सात-बाऱ्यावरून केलेली. ज्याच्या नावावर जमीन त्याचे बैल, त्याची गाय, त्याची म्हैस. मेंढरांचा कागदावर उल्लेखच नव्हता.

"ग्रामसभा कधी झाली?"

"सोमवारी."

"मला कुणी सांगितलं नाय."

"दवंडी दिली व्हती."

"गायरानात?"

कडूबा डोकं खाजवत म्हणाला की दवंडी गावात फिरते. गायरानात कुणासाठी फिरवायची, मेंढरांसाठी? एरवी या बोलण्यावर दोघं हसले असते. लहानपणी आई त्याला कडूबा म्हणून हाक मारायची ती त्याच्या आधीची चार लेकरं गेली म्हणून, नाव कडू ठेवलं तर मरण तोंडात घेत नाही म्हणून. चतुराबाई त्याला नेहमी चिडवायची, तुझं नाव निस्तं कडू, तुझी जीभ गुळाची. आज कळप तिच्या गुडघ्यांना ढकलत होता. पाणी काट्यांपलीकडं चाळीस पावलांवर होतं आणि मेंढरांना त्याचा वास आला होता. मेंढरू एरवी ओरडतं. तहानेनं कासावीस झालेलं मेंढरू ओरडत नाही, नुसतं नाक वर करून उभं राहतं. शंभराला चार कमी नाकं वर झाली होती.

"मी सोडलं असतं, चतुराबाय," कडूबा म्हणाला. "पर तात्यासायबाचा माणूस घंट्याला येऊन बघून जातो."

तात्यासाहेब म्हणजे गावचे सरपंच. तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांचा मोसंबीचा मळा होता. झाडं सात वर्षांची, यंदा पहिल्यांदा भरून येतील अशी. मोसंबीचं झाड एक उन्हाळा उपाशी राहिलं की सरपण होतं, आणि सात वर्षं सरपणाला घालणं कुणालाच परवडत नाही. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. सांडू गेला तेव्हा चार गोवऱ्या जास्तच पाठवल्या होत्या त्यांनी. पण पुसात, ऐन थंडीत, एका पहाटे मेंढरं घेऊन जाताना, चतुराबाईनं त्यांच्या गड्यांना बांधाच्या कडेला चरावरची माती सारखी करताना पाहिलं होतं. माती ओली होती आणि पाइपाचं एक तोंड अजून बुजायचं राहिलं होतं. तळ्यातलं पाणी पिण्याला राखलं होतं खरं. त्यातलं किती मोसंबी पिणार होती, ते त्या मातीखाली होतं.

सरूबाईला राग आवरत नव्हता. मेंढरं घालू काट्यांतून, असं ती कानाशी म्हणाली. चतुराबाईनं मान हलवली. कळप एकदा काट्यांत शिरला की थांबत नाही. पुढची मागच्यांच्या पायांखाली जातात, आणि उरलेली गाळात रुततात. शिवाय मग पोलीस येतात, आणि त्यांच्यापुढं सात-बाराच बोलतो.

दुसरं पाणी कुठं होतं? गावात टँकर एक दिवसाआड यायचा. त्याच्यापुढं घागरींची रांग असायची, तिथं मेंढरांची गोष्ट काढायचीही लाज वाटावी. करमाडच्या पलीकडं एक मोठं तळं होतं, पण मिठावरची मेंढरं त्या उन्हात तिथवर पोचली नसती. चतुराबाईनं एका म्हाताऱ्या मेंढीच्या पापणीखाली अंगठा घालून पाहिलं, मग नाकाला हात लावला. नाक कोरडं होतं. दिवस मावळायच्या आत पाणी लागलं नाही तर रात्रीपर्यंत आडवी पडायला सुरुवात होईल.

ती कडूबाकडं वळली नाही. म्होरकीची घंटी हातात घट्ट धरली, कळप मागं फिरवला आणि बांधाला वळसा घालून त्याच्या खालच्या ओढ्यात उतरली.

ओढा कोरडा होता. वाळू, मोठे गोटे, मधे एक करंजाचं झाड. त्या झाडापासून तीस पावलांवर, बांधाच्या पायथ्याशी, हातभर जागेत हरळी हिरवी होती. तीन दुष्काळी वर्षांत ती हरळी कधी पूर्ण वाळली नव्हती. गावातल्या कुणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. चतुराबाईला वाटायचं. कारण ती हरळी का हिरवी राहते हे तिला माहीत होतं.

बहात्तर साली चराला ह्याच ठिकाणी खडक लागला होता. काळी माती संपत आली होती आणि साहेब बघायला येणार म्हणून मुकादमाला घाई होती. भरा मुरूम, वरून मातीचा एक थर द्या, कुणाला कळतंय, असं तो म्हणाला. चतुराबाईनं पाटीत मुरूम घेतला आणि टाकला. दहा हात लांबीत मुरूमच गेला. मुरूम पाणी धरत नाही. ही गोष्ट ती सांडूखेरीज कुणाला बोलली नव्हती. तळ्याचं पाणी दर वर्षी लवकर उतरलं की तिला आत काहीतरी टोचायचं. गावाच्या तोंडातलं पाणी आपण पाटीनं गळतीला लावलं, असं तिला वाटत आलं होतं.

आता तिनं त्या हिरव्या हरळीवर कुदळ मारली.

दोघींनी झिरा खणायला घेतला. वाळू उपसायची, बाजूला दगड रचायचे, पुन्हा वाळू. कमरेइतकं खोल गेल्यावर वाळूचा रंग बदलला. आणखी दोन हात गेल्यावर तळाशी ओल जमली, मग चूळभर पाणी, मग हळूहळू ओंजळभर. गढूळ होतं. चतुराबाईनं तेवढं उपसून फेकून दिलं. मेंढरू कितीही तहानलेलं असो, घाण पाण्याला तोंड लावत नाही, नुसतं हुंगून मागं सरतं. दुसऱ्यांदा आलेलंही फेकलं. सरूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा आलेलं निवळ होतं.

आता खरं काम. घमेलं भरायला झिऱ्याला जितका वेळ लागायचा तेवढ्यात चिलीम ओढून झाली असती. एका घमेल्यात तीन मेंढरांची निम्मी तहान भागेल. पूर्ण भागवायचीही नव्हती. इतक्या तहानेवर पोटभर प्यायलं तर मेंढरू फुगून मरतं. म्हणजे बत्तीस घमेली, आणि शेवटचं भरेपर्यंत बाकीच्यांनी उभं राहायचं.

करंजाच्या सावलीत वाघर बांधली, कळप आत घातला. म्होरकीला मात्र आत घातलं नाही. झिऱ्यापासून पाच पावलांवर, सगळ्यांना दिसेल असं, खुंटीला बांधलं. कळप पाण्याकडं बघत नाही, म्होरकीकडं बघतो. ती उभी आहे तोवर तो उभा. ती पाण्यावर गेली की जाळी तुटली म्हणून समजावं, आणि झिरा पायांखाली बुजला म्हणून समजावं. म्हणून म्होरकी सगळ्यांच्या शेवटी. त्या दिवशी सगळ्यांत जास्त मीठ तिच्याच पोटात होतं, चतुराबाईनं आपल्या हातानं घातलेलं.

पहिल्यांदा अंगावर पिणारी कोकरं असलेल्या मेंढ्या. तीन बाहेर काढायच्या, प्यायल्या की दुसऱ्या बाजूला ओढ्याच्या वळणापलीकडं घालवायच्या, म्हणजे ओल्या तोंडानं परत येऊन बाकीच्यांना वास द्यायला नकोत. सरूबाई काढायची, चतुराबाई घमेलं धरायची. अकराव्या घमेल्याला उन्हानं डोकं तडकायला लागलं. पंधराव्याला जाळीतली एक म्हातारी मेंढी बसली. बसलेली उठली नाही. चतुराबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि नंबर बदलला नाही. सरूबाईला ते सहन झालं नाही.

"आत्या, तिला पाजा की आधी."

"तिला पाजलं तरी ती वाचायची नाय. दुसरीचं पाणी मातर जाईल."

सरूबाईनं पुढच्या तीन मेंढ्या बाहेर काढल्या. चतुराबाईनं स्वतः सकाळपासून घोट घेतला नव्हता. कळप पितोय तोवर धनगरानं प्यायचं नसतं. सरूबाईनं एकदा ओंजळ खाली नेली आणि सासूनं पाहिलं नाही असं दाखवून मान फिरवली.

बांधावर कडूबा उभा होता. तो सगळं पाहत होता. खाली उतरला नाही आणि ओरडलाही नाही.

विसावं घमेलं संपत होतं तेव्हा तात्यासाहेब आले. बरोबर दोन गडी, एकाच्या खांद्यावर फावडं. कडूबा त्यांच्या मागून बांध उतरला. तात्यासाहेबांनी झिऱ्यात डोकावून पाहिलं, मग बांधाकडं, मग हरळीकडं.

"कोणाच्या हुकमानं उकरलं हे, चतुरा?"

"ओढ्यात झिरा कराया हुकूम कधीपासनं लागाया लागला?"

"हे ओढ्याचं पाणी नाय, तळ्याचं हाय. वरून दिलं नाय म्हणून खालून काढू लागली व्हय? ठरावात जनावरं सात-बाऱ्यापरमाणं हायत. तुझा सात-बारा कुठं हाय?"

"ओढ्याला तरी कुठं हाय, तात्यासायब? त्याला नाय, मला नाय. आमचं दोघांचं जमतं."

फावडंवाला गडी हसला आणि तात्यासाहेबांनी मान वळवताच गप्प झाला. तात्यासाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. गावात पाचशे माणसं आहेत, पावसाला अजून महिना आहे, तळ्याखाली झिरे पाडायला लागले तर तळं पंधरा दिवसांत रिकामं होईल. आज तिचा झिरा, उद्या दुसऱ्याचा. त्यात खोटं काही नव्हतं. चतुराबाईलाही ते खोटं वाटलं नाही. ती ऐकत घमेलं भरत होती. तीन मेंढ्या आल्या, प्यायल्या, गेल्या. मग ते गड्याला म्हणाले, बुजव.

गडी पुढं झाला. म्होरकी खुंटीला बांधलेली, ती हलली नाही. तिच्या मागं जाळीत तीस-बत्तीस मेंढरं नाक वर करून उभी होती. फावड्यानं वाळूचा पहिला ढीग उचलला.

"बुजवा," चतुराबाई म्हणाली. तिचा हात घमेल्यावरच होता. "उद्या दोन हात तिकडून फुटंल. बांधाच्या चरात हितं दहा हात मुरूम हाय, काळी माती नायच. मीच टाकलाय."

गड्याचं फावडं थांबलं. तात्यासाहेबांनी हिरव्या हरळीकडं पुन्हा पाहिलं. पंधरा वर्षं तळं लवकर का उतरतं, ते त्यांना आत्ता कळत होतं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"गावाचं पाणी घालवलं तू. उद्या सायबाला आणतो. सरकारी काम नासवलं म्हणून केस करतो तुझ्यावर."

"आणा. सायब आले का चर उकरतील. मुरूम घावंल. मंग माझं जे व्हायचं ते व्हईल." तिनं घमेलं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "पर पुसात तुमच्या गड्यांनी उकराया भुसभुशीत लागलं म्हणून त्याच चरातनं पाइप नेलाय. तोबी घावंल. मोसंबीला पाणी कुठनं जातं ते सायब तिथंच बसून इचारतील."

जाळीतलं एक मेंढरू खोकलं. मळ्याच्या बाजूला, लांब, मोसंबीची झाडं त्या सगळ्या रानात एकटीच हिरवी दिसत होती.

तात्यासाहेब कडूबाकडं वळले. त्याला राखण ठेवलं होतं ते त्यांनीच.

"मुरमाचं खरं हाय का हे?"

कडूबानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"व्हय. तिच्या मागची पाटी माझी व्हती."

तात्यासाहेबांनी गड्याला खूण केली. फावडं खांद्यावर गेलं. जाताना ते थांबून म्हणाले की आजच्या दिवस पाजून घे. झिऱ्यात घमेल्याइतकं पाणी जमलं होतं आणि पुढच्या तीन मेंढ्यांची पाळी होती.

कडूबा गेला नाही. त्यानं काठी वाळूत रोवली, सदरा काढून तिच्यावर टाकला आणि झिऱ्यात उतरून उपसायला लागला. त्यानंतर घमेली थोडी लवकर भरायला लागली. नोकरीचं काय, असं सरूबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की नोकरी काट्यांवर बसायची होती, त्यापेक्षा हे बरं.

दिवस मावळायला टेकला तेव्हा जाळी रिकामी झाली. म्हातारी मेंढी तिथंच मेली होती. आणखी एक, आणि एक मेंढा, दोघं वळणापलीकडं प्यायल्यावर आडवे झाले होते. चतुराबाईनं शेवटचं घमेलं म्होरकीपुढं धरलं. म्होरकीनं दोन घोट घेतले आणि तोंड काढलं. पुन्हा धरलं, नाही घेतले. खुंटी सोडली तशी ती चार पावलं चालली आणि गुडघे मोडून वाळूत बसली. चतुराबाईनं ओंजळीनं तिचं तोंड ओलं केलं, जिभेखाली बोटानं पाणी सोडलं. मग झिऱ्याच्या काठावर बसून स्वतः प्यायली.

सकाळी म्होरकी उठली नाही. तिची घंटी चतुराबाईनं तिच्याच पोटच्या एका मेंढीच्या गळ्यात बांधली, पण ती मेंढी पुढं चालायला शिकेपर्यंत श्रावण उजाडला. तोवर चतुराबाई स्वतःच कळपाच्या पुढं चालली.

तात्यासाहेबांनी साहेबाला आणलं नाही. मोसंबी जगली. कुंपणही राहिलं, ठरावही राहिला, यादीत मेंढरं कधी चढली नाहीत. कडूबाला राखणीवरून काढलं, मग दिवाळीला पुन्हा ठेवलं, कारण काट्यांवर बसायला दुसरं कुणी तयार होईना. झिऱ्याला मात्र दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी दगड लावत गेलं, आणि तो कुणाचा हे कुणी विचारलं नाही. बन्सी मेंढरं विकायचा विषय काढायचा तेव्हा चतुराबाई त्याला तिथं घेऊन जायची, दगड सारखे करायला लावायची आणि विषय तसाच राहायचा.

तिची एक सवय मात्र त्या दिवसापासून बदलली. अवसेच्या सकाळी ती आधी झिऱ्यावर जायची, आत उतरून पाणी बघायची, आणि मगच घरी येऊन पाटा धुवायची. ज्या अवसेला पाणी कमी दिसलं, त्या अवसेला मीठ नाही. मेंढरं दगड चाटत राहायची.

पुढं एका उन्हाळ्यात खुलताबादकडचा एक धनगर दोनशे मेंढरं घेऊन ओढ्यात उतरला. झिरा दिसला, दगड रचलेले दिसले, म्हणून परवानगी घ्यायला वस्तीवर आला. माय, झिरा कुणाचा, पाजू का, असं त्यानं दारातूनच विचारलं.

चतुराबाई लोकर पिंजत होती. तिनं मान वर केली.

"मीठ कधी चारलंय?" तिनं विचारलं.